एकाच वायरीवर दहा घरं

काकूंच्या नावाचं पाकीट आलं तेव्हा पाणीसाहेब पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून जिन्यातून कोण वर येतंय ते ऐकत होते. निवृत्त माणसाला एवढी करमणूक लागतेच. पाकीट विद्यापीठाचं होतं. आत एकच कागद: भूगोलाची तोंडी परीक्षा, सात आठवड्यांनी गुरुवारी, सकाळी अकराला, घरबसल्या कॉम्प्युटरवरून. आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'इंटरनेट अखंड चालू ठेवण्याची जबाबदारी परीक्षार्थीची राहील.'

काकूंनी कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

"ते माझ्यावर सोड," साहेब म्हणाले.

हे वाक्य साहेबांनी पस्तीस वर्षांच्या संसारात याआधी तीन वेळा उच्चारलं होतं. पहिल्यांदा भिंतीला फळी ठोकायची होती, दुसऱ्यांदा मेहुण्याचं सामान नव्या घरी पोचवायचं होतं, आणि तिसऱ्यांदाचा विषय घरात काढत नाहीत. त्यामुळे काकू "बरं" म्हणाल्या खऱ्या, पण ते "बरं" देवाला उद्देशून होतं.

पाणीसाहेब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात होते. कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा आणि किती वाजता बंद करायचा, याचं वेळापत्रक त्यांच्या सहीने निघायचं. त्या काळात लोक त्यांना रस्त्यात थांबवून नमस्कार करायचे. मग ते निवृत्त झाले, आणि लोक नळ उघडायचे तेव्हा त्यात पाणी यायचंच, साहेब असोत वा नसोत. हे त्यांना फार लागलं होतं. कोणी बोलून दाखवलं नसलं तरी लागायचं ते लागतंच.

आता काकूंचं. ही गोष्ट इमारतीत कोणालाही माहीत नव्हती, म्हणून तुम्हीही कुठे बोलू नका. काकू एकोणीस वर्षांच्या असताना कॉलेजात अशाच तोंडी परीक्षेला बसल्या होत्या. समोर तीन परीक्षक. पहिला प्रश्न विचारला, उत्तर येत होतं, अगदी जिभेवर होतं, पण तोंडच उघडेना. परीक्षकांनी पाणी दिलं, धीर दिला, शेवटी हात जोडून जायला सांगितलं. त्या घरी आल्या त्या पुन्हा कॉलेजात गेल्याच नाहीत. पुढे लग्न, मुलगी, मुलीचं लग्न. आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी घरच्या घरी अभ्यास करून त्यांनी सगळे लेखी पेपर पास केले होते. राहिली होती ती तोंडी. बाजारात पुस्तकं आणायला गेल्या तरी वर भाजी ठेवून आणायच्या, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.

"कोणाला सांगायचं नाही," त्यांनी साहेबांना बजावलं. "पास झाले तर मी सांगेन. नाहीतर कोणी विचारायला नको."

"अगं, मी काय लहान आहे?" साहेब म्हणाले.

घरात इंटरनेट होतं, पण ते टेलिफोनच्या तारेवरचं. लावलं की आधी कुणीतरी मांजराचं शेपूट दारात चेंगरल्यासारखा आवाज करायचं, आणि मध्येच मुलीचा फोन आला की सगळं बंद पडायचं. यावर परीक्षा देणं शक्य नव्हतं. तेव्हा टीव्हीची केबल बघायला आलेल्या केबलवाल्याने मार्ग दाखवला. हा पन्नाशीचा शांत गृहस्थ, कमरेला पक्कड आणि पेचकस, आणि दर दोन वाक्यांनंतर "असं ऐकलंय" म्हणायची सवय.

"केबलवरूनच घ्या ना इंटरनेट," तो म्हणाला. "टीव्हीचे शंभर चॅनेल एकाच वायरीतून येतात, एकमेकांत मिसळतात का? प्रत्येकाची जागा ठरलेली. तशी थोडी जागा इंटरनेटला दिलीय. मोडेम नावाचा डबा तेवढंच वेचून कॉम्प्युटरला देतो, बाकीचं टीव्हीला. खाली यायला मोठा रस्ता. तुम्ही जे पाठवाल ते एका अरुंद गल्लीतून वर आमच्या ऑफिसात."

साहेबांना हे फार आवडलं. वायर, रस्ता, वर-खाली! त्यांनी त्याच दिवशी अर्ज करायचं ठरवलं.

अर्ज करायला ते केबल कंपनीच्या ऑफिसात गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. काउंटरवरच्या बाईंनी नाव, पत्ता विचारला आणि मग विचारलं, "व्यवसाय?"

"निवृत्त. पाणीपुरवठा खातं. वेळापत्रक विभागाचा प्रमुख होतो मी."

"निवृत्त नाहीये यात," बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "नोकरी, धंदा, विद्यार्थी, गृहिणी, इतर. इतर टाकते."

एकतीस वर्षं खात्याची सेवा करून माणूस शेवटी 'इतर' होतो. साहेब हे पचवतात न पचवतात तोच बाईंनी सांगितलं की इमारतीच्या सेक्रेटरीचा ना हरकत दाखला लागेल.

सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचे. कुठलाही कागद आला की ते आधी उलटा करून मागे काही लिहिलंय का बघायचे. त्यांनी सांगितलं, दाखला हवा तर अर्ज द्या. अर्ज दिला. त्यात कारण लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी 'वैयक्तिक' असं लिहिलं. सेक्रेटरींच्या भुवया वर गेल्या. साठीच्या माणसाला हाय-स्पीड इंटरनेट, आणि कारण वैयक्तिक! दोन दिवसांत खालून वरपर्यंत सगळी इमारत साहेबांकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागली. विमा एजंट तर जिन्यात त्यांना कोपराने ढोसून म्हणाला, "चालायचंच साहेब, वय काय नुसता आकडा आहे." बायकोच्या गुपितासाठी साहेबांनी हेही ऐकून घेतलं. खांद्यावर हुतात्म्याची शाल घेतल्यासारखे ते आठवडाभर वावरत होते.

दाखला मिळाला. मोडेम आलं. चार हिरवे दिवे असलेला वहीएवढा डबा. केबलवाल्याने गोल पितळी टोक पीळ देऊन घट्ट बसवलं, दिवे लुकलुकले आणि स्थिर झाले. मुलगी स्क्रीनवर अशी लख्ख दिसली की काकूंनी आधी तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांबद्दल विचारलं. पहिला आठवडा स्वर्गात गेला.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलीचा चेहरा चौकोन-चौकोन झाला. साहेबांनी केबलवाल्याला बोलावलं.

"संध्याकाळी असं होणारच," तो म्हणाला. "मोडेम तुमचं, पण वायर सगळ्यांची. दोन गल्ल्यांना मिळून एक फाटा. जेवढी घरं एका वेळी वापरणार तेवढे वाटे पडणार."

साहेब खुर्चीतून उठलेच. "म्हणजे मोठी लाइन एक आणि तोट्या अनेक! सगळ्यांनी एकदम उघडल्या की टोकाच्या घराला धार बारीक!"

"तसंच समजा."

"समजा काय? एकतीस वर्षं मी दुसरं केलं काय!"

चार वर्षांत पहिल्यांदाच साहेबांना कोणाच्या तरी बोलण्यात आपलं खातं भेटलं होतं. ते इतके खूश झाले की केबलवाल्याचं पुढचं वाक्य त्यांनी अर्धंच ऐकलं. तो म्हणाला होता, "एका इमारतीत दहा कनेक्शनं झाली तर ऑफिस त्या इमारतीला स्वतंत्र फाटा देतं, असं ऐकलंय." त्यातलं 'असं ऐकलंय' साहेबांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

झालं. दुसऱ्या दिवसापासून साहेब पदर खोचून कामाला लागले. साहेबांना पदर नव्हता, पण आवेश तोच. इमारतीत घरं बारा, त्यातली दोन कायम बंद. स्वतःचं सोडून उरलेल्या नऊ घरांत जाऊन ते इंटरनेटचं महत्त्व सांगू लागले. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना त्यांनी सांगितलं की जगभरच्या कपड्यांचे नमुने बसल्या जागी बघता येतात. विमा एजंटला सांगितलं की क्रिकेटच्या जुन्या मॅच पुन्हा बघता येतात. सेक्रेटरींना सांगितलं की अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळता येतं आणि हरलं तरी इमारतीत कळत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला यात कमिशन मिळतं का?" ते गिळूनही साहेबांनी त्यांना कनेक्शन घ्यायला लावलं. तीन आठवड्यांत नऊच्या नऊ घरं झाली. साहेबांसकट दहा.

ते ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. "हो, दहा झाली. स्वतंत्र फाटा मंजूर होईल. तीन-चार महिन्यांत नंबर लागेल तुमचा."

परीक्षेला राहिले होते अकरा दिवस.

घरी येताना साहेबांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. ज्या वायरीवर इमारतीतून आपण एकटे होतो, तिच्यावर आपण स्वतः, दारोदार हिंडून, लोकांच्या हातापाया पडून, आणखी नऊ घरं आणून बसवली. आता संध्याकाळीच काय, सकाळी अकरालाही मुलगी चौकोन-चौकोन दिसू लागली. खाली शिंपीकाका नमुने बघत होते. एजंट मॅच बघत होता. सेक्रेटरी तर सकाळी आंघोळीच्या आधीच कुणाकडून तरी हरत होते. आणि भेटला की प्रत्येक जण साहेबांचे आभार मानत होता.

सल्ल्यांचा तर पाऊस पडला. एजंट म्हणाला, मोडेम उंचावर ठेवा. साहेबांनी ते कपाटावर ठेवलं. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, तापतं ते, हवेशीर ठेवा. ते खिडकीत आलं. शिंपीकाका म्हणाले, "वायरीला वळण नको साहेब, दोऱ्यासारखं असतं ते, सरळ पाहिजे." म्हणून साहेबांनी वायर दिवाणखान्याच्या मधोमध दोरीसारखी ताणली आणि काकू तिला अडखळून पुस्तकांसकट सोफ्यावर पडल्या.

"काही होणार नाही यातून," काकू पडल्या पडल्या म्हणाल्या. त्यांना लागलं नव्हतं, पण डोळ्यांत पाणी होतं. "माझंच चुकलं. या वयात कशाला हवी होती हौस."

साहेबांना ते पाहवलं नाही. मग त्यांनी त्यांना येत असलेली एकमेव गोष्ट केली. वेळापत्रक आखलं. दहा घरं, दिवसाचे तास, लाल आणि निळी शाई, खाली सही. गुरुवारी अकरा ते बारा फक्त एक घर उघडं, बाकी नऊ बंद. ते त्यांनी खालच्या फलकावर लावलं. तासाभरात इमारतीची तातडीची सभा भरली.

"हे पाणी नाहीये साहेब," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही स्वतंत्र कनेक्शनं घेतलीत."

"कनेक्शन स्वतंत्र, वायर एकच!" साहेब म्हणाले.

"आधी गळ्यात मारलंत, आणि आता बंद करा म्हणता?" शिकवणीच्या बाई.

"आणि गुरुवारी अकरालाच एवढं काय आहे तुमचं वैयक्तिक?" एजंटने डोळा मारला.

इतके आठवडे दाबून ठेवलेलं सगळं साहेबांच्या डोक्यात गेलं. "माझ्या बायकोची परीक्षा आहे!" ते ओरडले. "बी. ए.ची तोंडी परीक्षा आहे तिची! एकोणिसाव्या वर्षी हुकली ती आता देतेय! झालं समाधान?"

एजंटने मान खाली घातली. शिंपीकाकांनी चष्मा काढून पुसला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं," ते म्हणाले. "काकूंसाठी एक तास काय, आम्ही दिवसभर बंद ठेवू." सेक्रेटरींनी तर उभं राहून ठरावच मांडला आणि तो एकमताने पास झाला. साहेब तरंगत तीन मजले चढले.

वर पोचेपर्यंत शिंपीकाकांची बायको सभेतून आधीच वर येऊन काकूंना शुभेच्छा देऊन गेलीसुद्धा होती.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं.

"आत्तापर्यंत नापास झाले असते तर एका घरात झाले असते," त्या म्हणाल्या. "आता दहा घरांत नापास होईन."

"अगं, ते सगळे तुझ्या बाजूने..."

"तेच तर. माझं तोंड उघडणार नाही. मला माहितीये. समोर माणसं बसली, माझ्याकडे बघायला लागली, की नाही उघडत. आणि मग ही सगळी माणसं जिन्यात भेटून म्हणणार, असू दे काकू, काही हरकत नाही. ते मला सहन होणार नाही हो."

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. पस्तीस वर्षांत त्यांनी काकूंना रागावलेलं पुष्कळदा बघितलं होतं, पण असं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि त्या भीतीवर बसवायला त्यांच्याकडे व्हॉल्व्ह नव्हता. बुधवारी दुपारी काकूंनी मुकाट्याने नकाशांची वही उघडली आणि एवढंच सांगितलं, "उद्या अकराला घरात मला कोणी नको. तुम्हीसुद्धा नको."

म्हणजे ती बसणार होती. साहेबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला ते तळमजल्यापासून तपासणीला निघाले. शिंपीकाकांनी सांगितलं, मोडेमचं बटण बंद केलंय. साहेब मनाशी हसले. खात्यात असताना त्यांनी हजारो घरं बघितली होती, जिथले लोक "तोटी बंद आहे" म्हणायचे आणि मागे बादली भरत असायची. बटणावर साहेबांचा विश्वास नव्हता. बंद म्हणजे लाइनीपासून सुटं. त्यांनी मोडेममागचं पितळी टोक पीळ देऊन काढलं आणि वायर खाली लोंबत सोडली. "आता कसं बंद!" ते म्हणाले. असं नऊ घरांत केलं, स्वतःच्या हाताने. नऊ मोडेमं सुटी, नऊ वायरी लोंबकळत. सेक्रेटरींनी तर घराला कुलूप घातलं आणि फाटकापाशी खुर्ची टाकून बसले, कोणा गोंगाट करणाऱ्याला आत सोडायचं नाही म्हणून. साहेबांना आपल्या इमारतीचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

अकराला पाच कमी असताना काकू कॉम्प्युटरपुढे बसल्या. साहेब बाहेर जिन्यात, दाराला कान लावून.

"नमस्कार," आतून एक भारदस्त आवाज आला. "ऐकू येतंय ना? पहिला प्रश्न. सपाट प्रदेशात आल्यावर नदी वळणं का घेते?"

आत शांतता. साहेबांनी डोळे मिटले. बोल गं, ते मनात म्हणाले. बोल. एक शब्द बोल.

"बाई?" तो आवाज म्हणाला. "काही येत नाहीये तुमच्याकडून. नुसती खरखर. तुमचं चित्रही थांबलंय."

"मी... मी आहे इथे," काकूंचा बारीक आवाज आला.

"नाही, फाटून येतंय. काहीच कळत नाहीये." दुसरा, बाईचा आवाज आला. "आपण दहा मिनिटं थांबू या. सव्वाअकरापर्यंत लागलं तर ठीक, नाहीतर गैरहजर लिहावं लागेल. मग एकदम पुढच्या वर्षी."

साहेबांना तिकडचं स्वच्छ ऐकू येत होतं, पण हिचं तिकडे जात नव्हतं. सगळी लाइन रिकामी, आणि धार नाही! त्यांनी केबलवाल्याला फोन लावला.

"साहेब, आसपास कोणी वायर उघडी सोडलीय का?" केबलवाल्याने विचारलं.

"उघडी म्हणजे?"

"मोडेममधून काढून नुसती लोंबकळत ठेवलेली."

"नऊ," साहेब म्हणाले.

केबलवाला म्हणाला, "अहो साहेब, पाण्याची तोटी वेगळी आणि ही वेगळी! उघडं टोक म्हणजे उघडा कान. मिक्सर, ट्यूबलाइट, मशीन, घरातली जेवढी म्हणून खरखर असेल ती तिथून वायरीत शिरते. आणि वर जायची गल्ली सगळ्यांची एकच ना? नऊ घरांची खरखर त्या गल्लीत जमा झाली, त्यात काकूंचा आवाज कसा जायचा? लावा परत! बटण बंद असू दे, पण टोकं आधी परत लावा. सगळी!"

त्या वेळी अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

पाणीसाहेबांचा उजवा गुडघा गेली तीन वर्षं जिने उतरताना तक्रार करायचा. त्या दिवशी त्याला कोणी विचारलंच नाही. "लावा! वायरी लावा!" ओरडत ते खाली सुटले. दुसऱ्या मजल्यावर शिकवणीच्या बाईंनी दार उघडलं, त्यांना वाटलं आग लागली. "टोकं लावा परत! हिचा आवाज जात नाहीये!" एवढंच साहेब बोलले. बाईंनी एक प्रश्न न विचारता शेजारच्या दोन्ही घरांत धाव घेतली. एजंटला पीळ उलटा की सुलटा ते आठवेना, तर साहेबांनी त्याच्या हातून वायर हिसकावून स्वतः बसवली. तळमजल्यावर शिंपीकाकांनी मिळालेल्या मोकळ्या तासाचा सदुपयोग करून विजेची शिलाई मशीन जोरात चालवली होती, लोंबणाऱ्या वायरीपासून वीतभर अंतरावर. साहेबांनी मशीन बंद केली, टोक बसवलं, आणि काकांना काहीही न सांगता ते पळाले. राहिलं सेक्रेटरींचं घर. साहेब जिन्यातूनच ओरडले. सेक्रेटरींनी फाटकावरून किल्ली फेकली, ती एजंटने झेलली, आणि ज्या माणसाने आयुष्यात कागद उलटा केल्याशिवाय सही केली नाही त्याच्या घराचं दार त्याच्या परवानगीने दुसऱ्यांनीच उघडलं. नववं टोक बसलं तेव्हा अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती.

साहेब परत वर चढले. कसे चढले ते त्यांचं त्यांना माहीत. छातीचा भाता झाला होता. घरात कोणी नको, असं तिने बजावलं होतं, पण लागलं की नाही ते बघितल्याशिवाय राहवेना. त्यांनी दार बोटभर उघडलं.

काकूंनी खुर्ची फिरवली होती. त्यांची पाठ स्क्रीनकडे होती आणि तोंड खिडकीकडे. आणि त्या बोलत होत्या.

कोणाला ऐकूच जात नाहीये म्हटल्यावर त्यांनी मघाशीच बोलायला सुरुवात केली असावी. समोर माणसं नाहीत, पुढच्या वर्षापर्यंत कोणी विचारणार नाही, तर निदान एकदा तरी उत्तर तोंडातून बाहेर पडू दे, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असेल. त्या खिडकीच्या पडद्याला सांगत होत्या. "डोंगरात नदीला घाई असते, ती सरळ खाली कापत जाते. सपाटीवर तिचा उतार संपतो. मग जरासा अडथळा आला तरी ती बाजूने जाते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर जास्त, म्हणून तो काठ तुटतो. आतल्या अंगाला पाणी संथ, म्हणून तिथे गाळ बसतो. असं करत करत ते वळण वाढतच जातं." हात हलवून, न अडखळता, पोरीला गोष्ट सांगावी तसं.

साहेबांनी मोडेमकडे बघितलं. दिवे स्थिर होते. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. ते भारदस्त परीक्षक पुढे वाकून ऐकत होते. शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना गप्प राहायला खुणावलं होतं, आणि दुसऱ्या हाताने त्या भराभर लिहून घेत होत्या.

सगळं जात होतं. शब्द न् शब्द जात होता. फक्त काकूंना ते माहीत नव्हतं.

साहेबांच्या तोंडावर आलं होतं, अगं, लागलं! ऐकतायत ते! शिवाय वळणावर पाण्याचा जोर कुठे असतो, याबद्दल त्यांच्याकडे एकतीस वर्षांचा अनुभव होता. पाण्याबद्दल कोणी बोलतंय आणि साहेब मध्ये पडले नाहीत, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. मागे जिन्यात पावलं वाजली. धापा टाकत सगळे वर आले होते. साहेबांनी दुसरा हात मागे करून त्यांना तिथेच थांबवलं. शिंपीकाका पायरीवर एका पायावर थबकले ते तसेच उभे राहिले.

"आणि एक दिवस," काकू खिडकीला म्हणाल्या, "मोठा पूर येतो, आणि नदी ते वळण सोडून सरळ निघून जाते. मागे नुसतं एक तळं राहतं." त्यांनी श्वास सोडला. "झालं. एवढं सांगायचं होतं मला."

"फार छान सांगितलंत, बाई," परीक्षक हळूच म्हणाले. "मघापासून आम्ही ऐकतोय."

काकू गर्रकन वळल्या. समोर दोन चेहरे, चार डोळे, रोखून बघणारे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ओठ मिटले.

मग काकूंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि त्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "त्या तळ्याचं सांगायचं राहिलं. सांगू?"

"सांगा ना," परीक्षक म्हणाले.

साहेबांनी दार हळूच ओढून घेतलं आणि ते पायरीवर बसले. आतून काकूंचा आवाज येत होता, मोठा, स्वच्छ, तळमजल्यापर्यंत जाईल असा. साहेब रडत होते आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. शेजारी एक एक करून सगळे पायऱ्यांवर बसले, आणि बारा वाजेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही.